पहिलीची मुलं फक्त माडिया बोलतात, मला माडिया येत नाही. सुरुवात कुठून करू?

साताऱ्याची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि जूनच्या शेवटी गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातल्या एका लहान गावात शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, पट १९, आम्ही दोघं शिक्षक, पण दुसरे सर मीटिंगा, शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणणं आणि ऑनलाइन माहिती भरणं यातच अर्धा आठवडा तालुक्याला असतात, कारण गावात रेंज नाही. म्हणजे चारही वर्ग बऱ्याचदा माझ्या एकटीकडे.

पहिलीत सात मुलं आहेत. सात आठवडे झाले आणि त्यातली पाच माझ्याशी अजून एक शब्दही बोललेली नाहीत. आपापसात भरपूर बोलतात, खेळतात, भांडतात, मी दारात आले की एकदम गप्प. मी मराठीत विचारते, ती माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तिसरीतली एक मुलगी थोडं मराठी समजते, ती माझी दुभाषी, पण तिचा स्वतःचा अभ्यास त्यात बुडतो हे मला दिसतं. परवा मी "पेन घ्या" म्हटलं तर सगळी एकमेकांकडे बघायला लागली, मग ती तिसरीतली मुलगी हळूच म्हणाली की मॅडम, आमच्यात पेन म्हणजे देव. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण वर्गात उभं राहून काय बोलतोय आणि समोर काय पोचतंय यात किती अंतर आहे. अक्षरतक्त्यावर ज जहाजाचा आहे. जहाज मीसुद्धा पंचविशीत पहिल्यांदा पाहिलं.

वरून सांगतात की मराठीच बोला, कानावर पडून पडून येतं. येत असेलही, पण तोपर्यंत दोन वर्षं जातात आणि तोवर त्या मुलांच्या नावापुढे "अप्रगत" लिहून झालेलं असतं. डीएडला आम्हाला बोलीभाषेवर एक धडा होता, मी तो पाठ करून लिहिला होता, इथे त्यातलं काहीच हाताशी येत नाहीये. भाताची रोवणी सुरू झाल्यापासून हजेरी पण निम्म्यावर आलीये, मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी.

मला खरंच शिकवायचंय. मुलांची भाषा आधी की मराठी आधी? त्यांच्या भाषेत वाचायला काही मिळतं का, आणि मी ही भाषा शिकू कशी, कोणाकडून? ज्यांनी अशा भागात काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

धारणीचे_गुरुजी

ताई, सगळ्यात आधी एक, मुलं तुमच्याशी बोलत नाहीत म्हणजे ती घाबरट किंवा मठ्ठ आहेत हे डोक्यातून पूर्ण काढा, तुम्ही काढलंच असेल पण शाळेत येणारा प्रत्येक साहेब ते पुन्हा तुमच्या डोक्यात घालेल म्हणून सांगतो. मी मेळघाटात ३१ वर्षं होतो, कोरकू मुलांमध्ये. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, संथालीची लांबची बहीण, मराठीशी तिचं काही नातं नाही, पाण्याला डा म्हणतात, यावरून समजा. तुमची माडिया ही गोंडीच्या घरातली, म्हणजे द्राविडी, तिचं नातं तेलुगू कन्नडशी. सहा वर्षांच्या पोराला आपण पहिल्याच दिवशी संपूर्ण परक्या भाषेत बसवतो आणि वर विचारतो की उत्तर का देत नाही.

माझी चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मुलाला मी पहिलीत "मंद" असा शेरा मारला होता. पुढं दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या बापाबरोबर जंगलात गेलो तेव्हा तो पोरगा पुढे आणि आम्ही मागे, प्रत्येक झाडाचं नाव, कोणतं पान जनावर खातं, कोणतं खात नाही, पायाचा ठसा सकाळचा की रात्रीचा, सगळं बापाला सांगत होता, कोरकूत. मला त्यातलं चार आणे कळलं. तो शेरा मी परत येऊन खोडला, पण मधल्या वर्षभरात त्याला मी जे बोललो ते कसं खोडणार.

आता कामाचं बोलतो. पहिले दोन तीन महिने पुस्तक बाजूला ठेवा. तुमच्याकडे खिचडी शिजवणारी ताई गावातलीच असेल ना, आणि अंगणवाडी सेविका पण, त्या दोघी तुमच्या गुरू. रोज दहा शब्द त्यांच्याकडून घ्या, देवनागरीत वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोर मुद्दाम म्हणून दाखवा. तुमचा उच्चार चुकणार, मुलं हसणार, हसू द्या, त्या हसण्यात त्यांची भीती जाते, कारण त्या क्षणी ती शिकवणारी असतात आणि तुम्ही शिकणाऱ्या. माझ्याकडे दीड महिना मुकी असलेली एक पोरगी माझा चुकलेला शब्द दुरुस्त करायला पहिल्यांदा बोलली होती.

मग अक्षरं. अक्षर देवनागरीच, पण शब्द त्यांचा. कमळ, जहाज, गणपती, ठसा हे सगळं नंतर. मुलांच्या तोंडातल्या शब्दांतून ज्याचं अक्षर सोपं ते आधी घ्या, वस्तू समोर ठेवा, नाव विचारा, लिहा, वाचा. एकदा पोराला कळलं की मी जे बोलतो तेच फळ्यावर उमटतं, की वाचन म्हणजे काय हे त्याला समजलं. पुढे तेच अक्षर मराठी शब्दात आलं की तो न घाबरता वाचतो. मराठी टाकायची नाही, फक्त मागून आणायची. पहिलीत कानाने, गाण्यातून, खेळातून, दुसरीत जोडीने, तिसरीत बऱ्यापैकी, हा माझा अनुभवाचा हिशोब.

हजेरीचं म्हणाल तर आपल्याकडे हे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी आधीच करून ठेवलंय. १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात, मग १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, सगळी वारल्यांची मुलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा म्हणायचे तिला, आणि शिकवायला साहित्य काय तर पानं, बिया, शिंपले, खडे. धाकट्याला कडेवर घेऊन येणारी मुलगी शाळेत आली पाहिजे तर धाकट्यालाही जागा द्या. मी एका कोपऱ्यात गोधडी टाकायचो, दोन तीन लेकरं तिथं झोपलेली असायची, तपासणीला आलेले एक साहेब चिडले होते, पण त्या वर्षी मुलींची हजेरी टिकली.

मोहाचं_झाड

मॅडम नमस्कार. मी माडिया आहे, भामरागड तालुक्यातलाच, आता नागपूरला नोकरी करतो. तुमची पोस्ट वाचून मी रात्रभर हाच विचार करत होतो, कारण तुमच्या पहिलीतल्या त्या पाच मुलांपैकी एक मीच होतो असं समजा.

मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत टाकलं, गावापासून चाळीस किलोमीटर, तेव्हा रस्ता नव्हता, बाबा मला खांद्यावर आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत गेले. पहिल्या रात्री मला लघवीला जायचं होतं, कुणाला कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, मी अंथरुणातच केलं आणि सकाळी मार खाल्ला. मार का मिळाला तेही मला मराठीत सांगितलं, मला कळलं नाही. वर्षभर मी बोललो नाही. आपल्या भाषेत बोललं की उठाबशा, हा नियम होता. राज्यात आज सरकारी आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आणि अनुदानित साडेपाचशेच्या आसपास आहेत, सगळ्याच वाईट असं मी म्हणत नाही, मी तिथूनच शिकलो, जेवण मिळालं, दोन सर असे भेटले की त्यांच्यामुळे बारावी झालो. आमच्या भागात हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी सुरू केलं आणि १९७६ पासून तिथं शाळा आहे, प्रकाशभाऊ आणि मंदाताईंच्या त्या शाळेतून आमच्या लोकांतले डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस झाले. पण तुमच्या गावात शाळा आहे आणि मूल रात्री आईजवळ झोपतं, ही किती मोठी गोष्ट आहे हे मला विचारा.

शब्द देतो. एर म्हणजे पाणी, लोन म्हणजे घर, नार म्हणजे गाव, कोर म्हणजे कोंबडी, मीन म्हणजे मासा, पिट्टे म्हणजे पाखरू. एक दोन तीनला उंदी, रंड, मुंड. पण मॅडम, आमची बोली दर दहा कोसाला थोडी बदलते, भामरागडच्या या बाजूला एक आणि इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडात दुसरं, म्हणून माझं वाचून सरळ फळ्यावर लिहू नका, आधी तुमच्या पोरांच्या तोंडून ऐका, ते म्हणतील तसंच लिहा. क ला कोर, म ला मीन, ल ला लोन, न ला नार, चार अक्षरं इथंच झाली बघा. आणि मीन तर तुमच्या राशीत पण आहे.

पेनचं तुम्ही लिहिलं ते खरं आहे, पेन आमचा देव, त्यात कुणाला राग येत नाही, मुलांना फक्त नवल वाटतं.

एक काम मात्र लगेच करा, हात जोडून सांगतो. दाखलखारीज रजिस्टर उघडा आणि मुलांची नावं, आडनावं आणि जन्मतारखा बघा. माझं नाव आईने ठेवलं ते वेगळं आणि शाळेत लिहिलं ते वेगळं, लिहिणाऱ्याला आमचं नाव उच्चारता आलं नाही म्हणून त्याने त्याला येतं ते लिहून टाकलं. जन्मतारीख १ जून. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची १ जून. बाबांच्या कागदावर आडनाव एका पद्धतीने आणि माझ्या टीसीवर दुसऱ्या पद्धतीने, एका मात्रेचा फरक, त्यापायी माझी जात वैधता दोन वर्षं अडकली आणि इंजिनिअरिंगची मिळालेली सीट गेली. मी बीए केलं. बीए वाईट नाही, पण ती सीट माझी होती. तुमच्या पहिलीतल्या पोरांचं आयुष्य त्या रजिस्टरच्या एका ओळीवर ठरणार आहे, आज दुरुस्त करणं सोपं आहे, बारा वर्षांनी कुणीच करून देत नाही.

आणि गावात जाऊन भूमियाला, म्हणजे गावाच्या प्रमुखाला, भेटा. तुम्ही भेटायला गेलात हेच मोठं असतं. पंडुम, म्हणजे आमचा सण, असेल तेव्हा मुलं येणार नाहीत, तेव्हा चिडू नका, तुम्हीच जा, रेला नाचायला तुम्हाला हाताला धरून घेतील.

अक्राणीचा_पावरा

मी धडगावकडचा, पावरा समाजाचा, स्वतः सातवी शिकलेला. सगळं वाचलं, मन भरून आलं, पण बाप म्हणून मला वेगळं वाटतं ते लिहितो. आमची भाषा घरी आहेच ना, ती शाळेत कशाला शिकवायची? माझ्या पोरीला मी आदिवासी विकास विभागाच्या नामांकित शाळेच्या योजनेतून इंग्लिश मीडियमला टाकलंय, दोनशे किलोमीटर लांब. ती आज इंग्लिशमध्ये बोलते. तहसीलला गेल्यावर मला जसं उभं राहावं लागतं, कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तसं तिला लागणार नाही. २०११ च्या जनगणनेत आमचा नंदुरबार जिल्हा साक्षरतेत राज्यात सगळ्यात खाली होता, ६४ टक्के, तेव्हा राज्य ८२ वर होतं, आणि सातपुड्यातले आमचे दोन तालुके तर जिल्ह्यातही खाली. आम्हाला पुढं जायला वेळ नाहीये. शिक्षक लोक बोलीभाषेचं कौतुक करतात आणि स्वतःची मुलं पुण्यात इंग्लिशला घालतात, मग आमच्याच मुलांना जंगलातली भाषा का?

एवढं मात्र कबूल करतो की पोरगी सुट्टीत येते तेव्हा आजीशी बोलताना अडखळते. आजी मला म्हणाली ही पाहुणी आलीये का. त्याचं मला वाईट वाटतं.

मोहाचं_झाड

दादा, तुमचं म्हणणं मी मनापासून मानतो, तहसीलमध्ये उभं राहायचं दुःख माझ्या बाबांनी पण भोगलंय. मराठी नको किंवा इंग्रजी नको असं इथं कुणीच म्हणत नाहीये. मी मराठीतच लिहितोय, आणि चांगलं लिहितोय याचा मला अभिमान आहे. प्रश्न पहिल्या दोन वर्षांचा आहे. जे मूल आपल्या भाषेत आधी वाचायला शिकतं ते दुसऱ्या भाषेत लवकर वाचतं, कारण वाचणं एकदाच शिकायचं असतं. मी चौथीपर्यंत मराठी पुस्तक धाडधाड वाचायचो आणि त्यातलं मला काही कळत नव्हतं, सगळ्यांना वाटायचं हुशार आहे. तुमची मुलगी हुशार आणि तुम्ही मागे उभे म्हणून टिकली, माझ्याबरोबर पहिलीला आम्ही ३४ होतो, दहावीला त्यातले ६. बाकीचे २८ काही मठ्ठ नव्हते दादा.

शहाद्याची_ताई

कायद्याचं आणि स्थलांतराचं थोडं लिहिते, मी बारा वर्षं अक्कलकुवा धडगाव भागात फिरतेय.

वरिष्ठांनी "मराठीच" असं म्हटलं तर त्यांना शांतपणे दाखवायला तुमच्याकडे कागद आहे. संविधानाच्या ३५० क कलमात प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवायची सोय करावी असं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये मुलाच्या मातृभाषेतून, शक्य असेल तिथवर, असं स्पष्ट लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असं आहे. म्हणजे तुम्ही काही मनमानी करत नाही आहात, जे लिहिलंय तेच करताय. ओडिशाने २००६ च्या सुमाराला दहा आदिवासी भाषांत सुरुवातीचे वर्ग आणि पुस्तकं आणली, गावातलीच भाषा येणारी माणसं शिकवायला घेतली, आपल्याला ते अशक्य का असावं. तुमच्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, सरकारने अनधिकृत ठरवल्यावर ती माणसं हायकोर्टापर्यंत गेली. आणि आमच्याकडे नर्मदाकाठी, जिथं धरणाचं पाणी आलं आणि सरकारी शाळा कागदावरच राहिली, तिथं नर्मदा बचाव आंदोलनातल्या लोकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा उभ्या केल्या, चिमलखेडी आणि निमगव्हाण इथं पहिल्या, गावातलेच गुरुजी, भिली पावरीतून सुरुवात, "लडाई पढाई साथ साथ" असं मुलं म्हणायची. तिथं शिकलेली मुलं आज शिक्षक आहेत.

तुमचा पट १९ आहे हे वाचून मला काळजी वाटली. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा घाट घातला गेला होता, राज्यात अशा शाळा चौदा हजारांच्या वर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा डोंगराळ, दुर्गम भागातच आहेत ना, शहरात थोड्याच आहेत. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय. पावसाळ्यात मधे नाला असेल तर एक किलोमीटर म्हणजे पलीकडचा देश. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कागदावर नको, खरी घ्या, ग्रामसभेचा ठराव करून ठेवा की ही शाळा आम्हाला इथंच पाहिजे. पेसाचं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्यातलं गाव आहे, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे.

आमच्याकडची हजेरीची अडचण तुमच्यापेक्षा वेगळी आहे, दिवाळी झाली की अख्खी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतात राबायला जातात, मुलं सोबत, होळीला परत. त्यासाठी हंगामी वसतिगृह म्हणजे मूल गावातच राहतं आणि जेवणाखाण्याची सोय होते, आणि जे जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. कागदावर छान आहे, गुजरातेत गेल्यावर मराठीचं कार्ड घेऊन गुजराती शाळेत भिली बोलणारं मूल, तुम्हीच विचार करा. तुमच्याकडे स्थलांतर कमी असेल पण मार्च एप्रिलला मोह आणि मे महिन्यात तेंदू आहेच. मोहाच्या दिवसात पहाटे चारला घर रिकामं होतं. तेव्हा शाळा उशिरा भरवायची परवानगी आधीच मागून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

आणि आयांना विसरू नका. ज्या घरात आई एकदा स्वतःची सही करते त्या घरातलं मूल शाळा सोडत नाही, हे मी बारा वर्षं बघतेय. नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांच्या पुढच्यांसाठी चालू आहे, स्वयंसेवक लागतो, तुमच्या गावातली आठवी दहावी झालेली कुणी मुलगी असेल तर तिला धरा.

लिपीवेडा

गोंडीला स्वतःची लिपी आहे, ती का नाही शिकवत? गुंजाळा गोंडी लिपी आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांत सापडली, शिवाय मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली वेगळी लिपी आहे. २०११ ला जवळजवळ ३० लाख लोकांनी मातृभाषा गोंडी सांगितली, तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. संथाली आणि बोडो २००३ मध्ये गेल्या. देवनागरीत लिहायला लावणं म्हणजे पुन्हा त्यांच्यावर आपलंच लादणं.

धारणीचे_गुरुजी

भाऊ, भावना बरोबर आहे आणि लिपी शिकवली जावी असं मलाही वाटतं, पण ते ठरवायचं गोंड माडिया समाजाने आणि त्यांच्या ग्रामसभेने. सहा वर्षांच्या लेकराला पुढच्या वर्षी ज्या पुस्तकात जायचंय त्याचीच अक्षरं आत्ता ओळखीची झाली तर त्याचा एक डोंगर कमी होतो. एकटी बाई चार वर्ग सांभाळतेय, तिच्याकडून आज जेवढं होईल तेवढंच मागू या.

साताऱ्याची_लेक

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. ऑगस्टमध्ये पर्लकोटाला पूर आला, पुलावरून पाणी, भामरागडचा रस्ता चार दिवस बंद आणि आमचं गाव त्याच्याही पलीकडे, नंतर मला ताप होता, मलेरिया निघाला. आता बरी आहे. रेंजसाठी आज भामरागडला आलेय म्हणून सगळं एकदम लिहिते.

गुरुजी, तुमची गोधडी मी टाकली. दोन बाळं रोज असतात, एक तिसरीतल्या त्या माझ्या दुभाषी मुलीचा भाऊ. खिचडीवाल्या ताई रोज परिपाठानंतर अर्धा तास वर्गात बसतात, त्या सांगतात, मी लिहिते, वहीत आता साडेतीनशेच्या वर शब्द झालेत. मी "कोर" म्हणाले तर आमच्याकडे मुलांनी मान डोलावली, म्हणजे तो शब्द बरोबर बसला, पण पाखराचा शब्द त्यांनी मला थोडा वेगळा करून दिला, मोहाचं झाड दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. क चं पान करायला आम्ही खरी कोंबडी वर्गात आणली होती, ती पहिलीतल्या एकाची होती, आणि जो मुलगा आजवर बोलला नव्हता तो अख्खा तास त्या कोंबडीबद्दल बोलत होता, ती कुठे अंडी घालते, मुंगसाने तिची पिल्लं कशी नेली, मला निम्मं कळलं, पण मी त्यातली चार वाक्यं त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली आणि त्याला वाचून दाखवली. तो उठून फळ्याजवळ आला आणि हात लावून बघितलं. आता पाचातले चार बोलतात. पाचवी अजून गप्प आहे, तिला ऐकू कमी येत असावं असा मला संशय आहे, तपासणीसाठी आरोग्य पथकाला सांगितलंय.

आयांचं वेगळंच घडलं. मी सही शिकवायला गेले तर त्या म्हणाल्या सही नको, आधी तेंदूचा हिशोब शिकव. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांचा भाव ठरलेला, फळीवर, म्हणजे पानं जमा करतात तिथं, कार्डावर काय आकडा लिहितात तो वाचता आला पाहिजे, एवढंच त्यांना हवंय. मग आकड्यांपासूनच सुरुवात केली, संध्याकाळी सौर दिव्याखाली सात आठ जणी येतात, पुड्यांच्या थप्प्या म्हणून काड्यांचे गठ्ठे करतो. एकीने गेल्या वर्षीचं कार्ड जपून ठेवलेलं आणलं आणि स्वतः वाचलं, मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. त्यात काय लिहिलं होतं ते तिने मला सांगितलं, इथं लिहित नाही, पण पुढच्या मे महिन्यात त्या आठही जणी कार्ड वाचूनच घेणार आहेत.

पावरा दादा, तुमच्या आईंचं वाक्य मला फार लागलं. मुलगी दिवाळीला आली असेल तर आजीच्या गोष्टी तिच्याकडून लिहून घ्या ना, पावरीतच, ती लिहील.

रजिस्टर उघडलं. १९ पैकी ११ जणांची १ जून. सहा नावं घरात हाक मारतात त्यापेक्षा वेगळी, दोघांच्या आडनावात वेलांटीचा घोळ. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या जुन्या वह्या काढल्या, लसीकरणाच्या नोंदींवरून चौघांच्या तारखा सापडल्या. बाकीच्यांसाठी घरोघर गेलो. आया सांगतात की मोह पडायला लागला होता तेव्हा, किंवा ज्या वर्षी पुलावर गाडी वाहून गेली त्याच्या आदल्या रोवणीत, मी ते तसंच लिहून घेतलंय. एक वर्षानंतरच्या जन्मनोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो असं ग्रामसेवक म्हणाले. सात मुलं आहेत अशी. मोहाचं झाड दादा, ग्रामसभेचा ठराव आणि आशाताईंची वही एवढ्यावर भागेल का, की अजून काही जोडू? सोमवारी मी परत तालुक्याला येणार आहे.

मोहाचं_झाड

मॅडम, ठराव, वही, आईबापांचं शपथपत्र आणि मोठ्या भावंडांच्या शाळेतल्या नोंदी असतील तर त्या, सगळं जोडा. आडनाव लिहिताना आजोबांचा वनहक्काचा किंवा जमिनीचा कागद समोर ठेवा आणि त्यावर जसं असेल अगदी तसंच लिहा, पडताळणीत जुना कागदच बघतात. सोमवारी कितीला पोचता तेवढं कळवा, माझा चुलतभाऊ भामरागडला असतो, त्याने स्वतःच्या पोरीसाठी हेच केलंय, तो तुमच्याबरोबर येईल.